संघराज्य, लहान राज्ये आणि ग्रामसभा

विकसनशील देशाने संघराज्य स्वीकारले तरी घटकराज्ये केवढी असावीत, हा प्रश्न उरतोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ (१९५५) या ग्रंथात मराठी मुलखाची चार राज्ये सुचविली. पश्चिम खानदेश, अर्थात पिंपळनेर परिसरही, डांगसह ‘मध्य महाराष्ट्रा’त येत होता. मोठ्या राज्यात बहुसंख्य जात अल्पसंख्यांना दडपते, हे त्यांचे प्रतिपादन मर्मग्राही आहे. परंतु राज्य लहान झाल्याने सत्ता गावापर्यंत पोहोचेल काय, याचे विवेचन तेथे आढळत नाही. घटना समितीतील १९४८ च्या भाषणात त्यांनी खेड्याविषयी व्यक्त केलेला अविश्वास पाहता हे आकस्मिक नसावे. पुढे १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार दिले. महाराष्ट्राचे नियम मात्र २०१४ मध्ये आले. हा विलंब केंद्राचा नव्हे, घटकराज्याचा होता.