पोस्टाची पेटी, पुस्तक आणि सफरचंदाचा गाभा

डच टीव्हीने लोकांना शिकवायचं कसं ठरवलं, हे बघायचं तर आधी एक पोस्टाची पेटी बघा. नेदरलँड्स सरकारच्या जनहिताच्या जाहिराती अनेक वर्षं ‘पोस्टबस ५१’ या नावाने लागायच्या. हेगमधल्या एका पोस्ट बॉक्सचा तो क्रमांक, म्हणजे शंका असेल तर इथे लिहा. पण पडद्यावरचा सूर एकतर्फीच: हे करा, ते करू नका. एवढ्याशा वेळात ‘का’ बसणार कुठे?

याच्या उलट टोकाला टेलेआक. १९६३ साली स्थापन झालेली ही संस्था, नाव ‘टेलिव्हिजन अकादमी’वरून घेतलेलं. मोठ्या माणसांसाठी क्रमाने चालणारे अभ्यासक्रम, आणि सोबत विकत घ्यायचं पुस्तक! मला यातलं पुस्तकच जास्त महत्त्वाचं वाटतं. पडद्यावरचं समीकरण बघता बघता निघून जातं, कागदावरचं तुमची वाट बघत थांबतं. हालचाल टीव्हीने दाखवायची, आकडेमोड तुम्ही घरी करायची. आम्ही संशोधक मंडळी हल्ली पाच मिनिटांच्या व्हिडिओत दोन्ही कोंबतो आणि वर लोकांना कळत नाही म्हणून कुरकुरतो.

१९९६ मध्ये टेलेआक शालेय टीव्हीवाल्या एनओटीत विलीन झाली, २०१० मध्ये सगळंच एनटीआरच्या छत्राखाली गेलं.

मुलांसाठीचा ‘हेट क्लॉकहाउस’ मात्र १९८८ पासून टिकून आहे. क्लॉकहाउस म्हणजे सफरचंदाचा बियांचा गाभा. निवेदक कुठेतरी जाऊन एखादी गोष्ट कशी बनते ते विचारतो, मध्ये प्रहसनं आणि गाणी. हा साचा मला आवडतो, पण त्यात एक फसवी जागा आहे. यंत्र चालताना दिसलं की उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. समजा चीजचा कारखाना आहे. दुधात रेनेट पडलं, दूध घट्ट झालं, छान! पण का? दुधातल्या केसिनच्या कणांवर त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारं केसाळ आवरण असतं, रेनेटमधलं विकर ते छाटतं आणि कण चिकटू लागतात. हे कुठल्याच कॅमेऱ्याला कढईत दिसणार नाही.

इथे खरं तर प्रहसन कामाला येतं. केसाळ टोप्या घातलेले चार नट आणि कात्रीवाला पाचवा, एवढ्यात काम होतं.