गिधाडांचा ऱ्हास आणि मानवी मृत्यूंची मोजदाद : एक चिकित्सा

एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा भारतीय गिधाडांवरील शोधनिबंध 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झाला. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मृत्युमुखी पडली, हा त्याचा निष्कर्ष. वृत्तपत्रांनी तो आकडा तत्परतेने उचलला. तो कसा सिद्ध झाला याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

पूर्वपीठिका परिचित आहे. १९९० च्या दशकात राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी गिधाडांची घट नोंदवली. २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून कारण उलगडले : गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या शरीरात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते. १९९४ च्या सुमारास हे औषध स्वस्तात उपलब्ध झाले होते. भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी घातली.

या कालक्रमाचाच उपयोग लेखकद्वयाने कौशल्याने केला आहे. गिधाडांच्या अधिवासाला अनुकूल असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांच्या मृत्युदरांची १९९४ पूर्वीची व नंतरची तुलना केली असता, अनुकूल जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचे दिसते. पशुधन विपुल असलेल्या नागरी भागांत ही वाढ सर्वाधिक आहे. रेबीजच्या लशीची वाढलेली विक्री आणि पाण्याचे प्रदूषण हे पूरक पुरावेही त्याच दिशेने जातात. पद्धतीच्या दृष्टीने निबंधाचे खरे बळ येथे आहे.

परंतु 'अनुकूल जिल्हा' म्हणजे नकाशावरील अधिवासक्षेत्र होय. तेथे प्रत्यक्ष किती गिधाडे होती, याची गणना नव्हे. मृत्यूंचे आकडे नागरी नोंदणीतून घेतलेले आहेत आणि त्या काळी देशातील मृत्यूंचा मोठा भाग नोंदलाच जात नव्हता. शिवाय हे मृत्यू सर्व कारणांचे आहेत. मार्कंड्या आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये भटक्या कुत्र्यांच्या वाढीवरून केवळ रेबीजचा हिशेब मांडला, तेव्हा १९९२ ते २००६ या काळासाठी अतिरिक्त मृत्यूंची संख्या सुमारे ४८ हजार आली होती. ४८ हजार आणि पाच लाख यांतील अंतर कोणत्या रोगांनी भरून काढले? दूषित पाणी हे संभाव्य उत्तर आहे. पण कोणत्या गावी, कोणत्या पाणवठ्यावरून, हे जिल्हावार सरासरी सांगू शकत नाही.

आर्थिक मूल्यमापन तर याहून दुबळे आहे. वर्षाला ६९.४ अब्ज डॉलर हानी हा आकडा म्हणजे वार्षिक १,०४,३८६ मृत्यू गुणिले प्रत्येक जीवाचे सुमारे ६ लाख ६५ हजार डॉलर मूल्य, इतकेच. धोरणकर्त्यांना डॉलरची भाषा लवकर कळते हे मान्य केले, तरी हा गुणाकार नव्या ज्ञानात भर घालीत नाही.

सर्वांत लक्षणीय उणीव सामाजिक आहे. गिधाडांच्या भोजनापूर्वी मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेणारी, त्याचे कातडे सोलणारी माणसे होती आणि हे काम जातीने लादलेले होते. महाराष्ट्रात मृत जनावरे ओढण्याच्या या सक्तीविरुद्ध आंबेडकरी चळवळीने दीर्घ संघर्ष केला. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. गिधाडांची 'निःशुल्क सेवा' ही संकल्पना या श्रमाला हिशेबाबाहेर ठेवते. पक्षी गेल्यावर कुजत्या सांगाड्यांच्या सर्वाधिक निकट कोण राहिले, कुत्र्यांचा उपद्रव कोणत्या वस्तीला अधिक झाला, लस घेण्याची ऐपत कोणाची नव्हती, हे प्रश्न निबंधात विचारलेले नाहीत. जिल्हा हे एकक निवडले की ते विचारताही येत नाहीत. त्यासाठी मृत जनावरे टाकण्याच्या जागांभोवतीच्या वस्त्यांत जाऊन, तेथील वृद्धांच्या आठवणी आणि स्थानिक दवाखान्यांच्या जुन्या वह्या तपासाव्या लागतील. अर्थशास्त्र, प्राणिशास्त्र आणि समाजशास्त्र हे तिन्ही विभाग एकाच इमारतीत असलेल्या महाविद्यालयांना हे काम अशक्य नाही. मात्र त्या वेळचे साक्षीदार आता वयोवृद्ध झाले आहेत आणि दवाखान्यांच्या वह्या रद्दीत जात आहेत.