बहुभाषिक डेटाबेस आणि समानतेचा उपेक्षित प्रश्न

बहुभाषिक संकेतस्थळांच्या डेटाबेसाविषयी जी चर्चा होते ती बहुधा एकाच वादाभोवती घोटाळताना आढळते : प्रत्येक भाषेस स्वतंत्र स्तंभ द्यावा, की अनुवादांचे निराळे कोष्टक करून त्यात भाषेचा संकेत व मजकूर ओळीओळीने ठेवावा? दुसरा पक्ष अधिक सोयीचा आहे, ह्यात शंका नाही. नवी भाषा आली तरी रचना बदलावी लागत नाही. केवळ ओळी वाढतात. तथापि एवढ्याने प्रश्न सुटला असे मानणे घाईचे होय. दोन शब्द समान केव्हा समजावयाचे व त्यांतील कोणता आधी यावयाचा, ह्याचा निर्णय डेटाबेस पदोपदी करीत असतो, आणि तो निर्णय भाषेनुसार बदलतो.

साठवणुकीचा प्रश्न त्या मानाने सोपा. यूटीएफ-८ ह्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास 3 बाइट लागतात. मायएसक्यूएलमधील ‘यूटीएफ८’ हा जुना प्रकार 3 बाइटांपलीकडे जातच नसे. देवनागरीचे त्यात काही बिघडले नाही म्हणून हा दोष मराठी वापरणाऱ्यांच्या ध्यानी आला नाही. परंतु 2014 साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीच्या चिन्हांना 4 बाइट लागतात, आणि मोडी दफ्तरांची सूची करू पाहणाऱ्यास त्या प्रकारात जागाच नाही. पूर्ण यूटीएफ-८ साठवणारा ‘यूटीएफ८एमबी४’ हा प्रकार 2010 साली आला व 2018 च्या 8.0 आवृत्तीत तोच गृहीत प्रकार ठरला. नावावर विसंबणाऱ्यांची ही फसगतच म्हणावयाची.

खरी अडचण ह्यापुढची आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. मराठी वाचकास हे दोन शब्द निखालस भिन्न आहेत. युनिकोडच्या दृष्टीने मात्र ‘ऱ’ हे चिन्ह ‘र’ अधिक नुक्ता ह्यांच्याशी तुल्य, आणि नुक्ता हा भेद दुय्यम प्रतीचा. मायएसक्यूएल 8.0 मधील गृहीत तुलनाक्रम दुय्यम भेद मोजत नाही. परिणामी शब्दकोशाच्या कोष्टकात ‘दर्या’ असताना ‘दऱ्या’ घालू गेल्यास, शब्दाच्या स्तंभावर एकमेवतेचे बंधन असेल तर, दुसरा शब्द द्विरुक्ती म्हणून नाकारला जातो. ‘आचार्यांना’ शोधणाऱ्यापुढे ‘आचाऱ्यांना’ही येऊन उभे राहते, गुरू आणि स्वयंपाकी ह्यांचा असा संकर कोणत्याही व्याकरणास मान्य होणार नाही. फ्रेंच शब्द स्वरचिन्हांवाचून शोधणाऱ्यास जी सवलत उपकारक, तीच येथे अर्थाचा लोप करते.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये नेमका उलट दोष संभवतो. तेथे समानता सामान्यतः बाइटांवरून ठरते. म्हणून ‘दर्या’ व ‘दऱ्या’ वेगळे राहतात खरे, पण एका कळफलकाने ‘ऱ’ हे एक चिन्ह म्हणून लिहिले व दुसऱ्याने ‘र’ आणि नुक्ता अशी दोन चिन्हे लिहिली, तर डोळ्यांस एकच दिसणारा शब्द दोन ठरतो. मजकूर साठविण्यापूर्वी त्यास एकरूप करणे हा त्यावर उपाय. 2020 च्या 13 व्या आवृत्तीपासून त्यासाठी अंगभूत साधनही आहे.

अनुक्रमाचा प्रश्न असाच आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, तर युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’ आणि ‘व’ ह्यांमध्ये बसतो. अनुवादांच्या कोष्टकात सर्व भाषांचा मजकूर एकाच स्तंभात जातो आणि स्तंभास गृहीत तुलनाक्रम एकच असतो. ज्या रचनेची लवचीकता वाखाणली जाते, तिचे हे व्यंग तिच्या पुरस्कर्त्यांनी क्वचितच विचारात घेतले आहे. भाषागणिक स्तंभ करणारी जुनी, बोजड रचना ह्या एका बाबतीत सरस ठरते.

भाषेचा संकेतही पुरेसा नाही. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतील कोंकणी; परंतु रोमी लिपीतील कोंकणी लेखन विपुल आहे. ‘कोंकणी’ एवढीच नोंद असलेल्या ओळीवरून तो मजकूर कोणत्या क्रमाने लावावा, हे सांगता येत नाही. भाषेबरोबर लिपीची नोंद हवी.

अनुवादांचे कोष्टक राखूनही मार्ग निघतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये प्रत्येक भाषेच्या ओळींपुरती स्वतंत्र अनुक्रमणिका त्या भाषेच्या तुलनाक्रमाने बांधता येते. 2017 पासून त्यासाठी आयसीयू ह्या ग्रंथालयाचे भाषानिहाय क्रम उपलब्ध आहेत. मात्र त्या ग्रंथालयाची आवृत्ती बदलून क्रमाचे नियम पालटले, तर ह्या अनुक्रमणिका पुन्हा बांधाव्या लागतात. तसे न केल्यास कोष्टकात असलेली ओळही शोधात सापडेनाशी होण्याचा संभव राहतो.