हाताची खूण आणि हाताची चूक

पोळ्याच्या आदल्या दिवशी बऱ्हाणपूरच्या बाजारात कुंभार मातीचे बैल मांडून बसतो. ज्यांच्या दारी गोठा उरलेला नाही अशी मराठी कुटुंबे त्यांतली एक जोडी घरी नेतात, तिची पूजा करतात, तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवितात. पूजा झाली की ते बैल मुलांच्या हाती जातात. आणि जे फुटत नाहीत ते फडताळात राहून वर्षांमागून वर्षे साठत जातात. गेल्या पोळ्यास अशाच एका मांडणीपुढे एक गृहस्थ जोडी पारखीत होते. एका बैलाचे डावे शिंग उजव्याहून किंचित आखूड होते, दुसऱ्याच्या पोटावर अंगठ्याचा ठसा उमटला होता. “पूजेला व्यंग चालत नाही,” असे म्हणून त्यांनी ती जोडी खाली ठेविली आणि पलीकडच्या दुकानातून साच्यातली, चकचकीत रंगाची प्लास्टरची जोडी घेतली. कुंभार काही बोलला नाही. त्याने बैल उचलून पुन्हा रांगेत उभा केला.

प्रसंग क्षुल्लक, परंतु त्यात एक निवाडा झाला, आणि तो आमच्या मते चुकीचा झाला. असाच निवाडा घरोघर होत राहिला, तर मातीचा बैल घडविणारा हात आणखी काही वर्षांत थांबेल. म्हणून त्या निवाड्याची तपासणी करणे अगत्याचे वाटते.

प्रथम ते शिंग आखूड का झाले ते पाहू. हाताने घडविलेल्या बैलात मातीचा लोळा दाबून धड होते, चिमटीने ओढून पाय निघतात, वशिंड बोटाने उठविले जाते आणि शिंगे वळून मागाहून जोडली जातात. ओली माती वाळताना आक्रसते. उन्हाकडची बाजू आधी वाळते, सावलीकडची मागाहून. त्या फरकाने शिंग कलते, मान किंचित वळते. आव्यात ज्वाळेजवळचा भाग अधिक भाजतो, दूरचा कमी. तेव्हा दोन शिंगांतील तो अल्प भेद हा आळसाचा पुरावा नव्हे. माती, ऊन, अग्नी आणि बोट या चौघांनी मिळून केलेल्या कामाची ती नोंद आहे. अंगठ्याचा ठसा तर कर्त्याची स्वाक्षरीच म्हणावयाची.

बऱ्हाणपूरकरांस हे नव्याने सांगावे लागू नये. सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच प्रवासी येथे आला, तेव्हा येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे त्याने लिहून ठेविले आहे. ते सारे कापड हातमागाचे होते. आज या शहरात यंत्रमागांचा खडखडाट आहे, आणि त्यांवर सहस्रावधी वार कापड एकसारखे निघते. तरीही जुन्या घरातील हातमागाचे लुगडे बाहेर काढले म्हणजे बोटांना त्याचा पोत निराळा लागतो, कारण कोठे वाण्याचा ठोका जड पडलेला असतो, कोठे हलका. त्या पोतास आपण दोष म्हणत नाही. मग बैलाच्या शिंगालाच वेगळा न्याय का?

“पण ही पूजेची वस्तू आहे,” असे त्या गृहस्थांचे म्हणणे होते, आणि ते टाळून चालणार नाही. मूर्तिशास्त्रात तालमानाचे नियम आहेत आणि प्रतिष्ठित मूर्ती भंगल्यास ती पूजेत ठेवू नये असा संकेत आहे. तथापि येथे भंग आणि वैगुण्य यांची गल्लत होते. भंग म्हणजे पूर्ण असलेल्या वस्तूचे तुटणे. तिरके घडलेले शिंग तुटलेले नसते. ते तसेच जन्मास आलेले असते. शिवाय पार्थिव पूजेचा सारा अर्थच असा की, हाताशी असलेल्या मातीला आकार द्यावा, तीत देवत्वाचे आवाहन करावे आणि उत्तरपूजेनंतर ती मातीस परत करावी. पार्थिव लिंग तर भक्त स्वतःच्या ओंजळीत घडवितो. त्याच्यापुढे कोणी कंपास धरीत नाही. ज्या स्वयंभू पाषाणांपुढे आपण मस्तक नमवितो, त्यांत कित्येकदा नाकडोळेही स्पष्ट नसतात. अशा परंपरेने मातीच्या बैलाकडून कारखान्याचा गुळगुळीतपणा मागावा, हा शास्त्राचा आग्रह नव्हे. दुकानाच्या काचेने डोळ्यांस लाविलेली ती सवय आहे.

तर मग हाताने केलेले सारेच गोड मानून घ्यावे काय? मुळीच नाही. दोष कोणता क्षम्य आणि कोणता अक्षम्य, हे वस्तूच्या उपयोगावरून ठरते. आमच्या कोंकणी वाचकांस याचे उत्तम उदाहरण सावंतवाडीस मिळेल. तेथील दशावतारी गंजिफाचा डाव एकशेवीस गोल पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा पाने. ही कला मावळत असता राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला राजवाड्यात आश्रय दिला. पानाच्या चेहऱ्यावर मत्स्याचे शेपूट अंमळ लांब झाले, वामनाची छत्री थोडी कलली, तर डावाचे काही बिघडत नाही. उलट चिताऱ्याचा हात ओळखू येतो. पण पानाची पाठ? ती सर्वत्र एकसारखीच हवी. एका पाठीवर ठिपका पडला की खेळणारा ते पान ओळखतो आणि खेळ नासतो. एकाच पानाच्या एका अंगास जी मोकळीक, ती दुसऱ्या अंगास नाही. आणि चिताऱ्यास हे आमच्या सांगण्यापूर्वीच ठाऊक असते.

हीच कसोटी बैलास लावावी. बैल चार पायांवर उभा राहतो काय? शिंग धरून उचलला तर शिंग हाती येते काय? रंग मुलाच्या ओल्या बोटांना लागतो काय? या प्रश्नांत जो नापास झाला तो बैल हातचा असला तरी परत करावा, आणि निःसंकोच परत करावा. अलीकडे शहरांतील प्रदर्शनांतून ‘हस्तनिर्मित’ या एका शब्दावर वाटेल तो कच्चा माल चढ्या भावाने खपविला जातो. त्या वैगुण्यपूजेस आमचा पाठिंबा नाही. डुगडुगणारा पाय ही चूक आहे, वळलेली मान ही खूण आहे. हा विवेक सुटला की कारागिराचा अपमान दोन्हीकडून होतो.

हा प्रश्न केवळ मातीचा आहे असेही नाही. जपानात 1960 च्या दशकापासून मऊ व्हिनाईलच्या राक्षसबाहुल्या निघू लागल्या आणि आज प्रौढ माणसेही त्यांचा संग्रह करतात. धातूच्या साच्यात पातळ व्हिनाईल ओतून ते तापवितात आणि गरम असतानाच कारागीर ते चिमट्याने ओढून बाहेर काढतो. पुढे रंगाचा फवाराही हातानेच मारला जातो. त्यामुळे कोठे हवेचा बुडबुडा राहतो, कोठे सांध्याची रेघ दिसते, कोठे डोळ्याचा रंग केसभर सरकतो. जाणता संग्राहक बुडबुड्याबद्दल तक्रार करीत नाही. सांधा उकलला तर मात्र करतो. द्रव्य यंत्रयुगाचे असले तरी पारख तीच.

शेवटी आणखी एका दोषाचा विचार करावयास हवा. तो कारागिराचा नसून आपला आहे. पुरीच्या जगन्नाथाची कथा सर्वांस ठाऊक आहे. वृद्ध सुताराच्या रूपाने आलेल्या विश्वकर्म्याने दार बंद ठेवण्याची अट घातली होती. आतून आवाज येईना तेव्हा धीर सुटून दार वेळेआधी उघडले गेले आणि मूर्ती हातपाय पुरे होण्यापूर्वीच राहिल्या. भाविकांनी त्या अपूर्ण रूपासच पूर्ण मानिले, हे आपण नेहमी सांगतो. पण ती अपूर्णता घडविणाऱ्याच्या हातून आली नव्हती, घडवून घेणाऱ्याच्या उतावीळपणातून आली होती, हे सांगावयास विसरतो. आजही तेच चालले आहे. चार दिवस आधी मागणी नोंदवावयाची नाही, आदल्या सायंकाळी स्वस्तात घासाघीस करावयाची, आणि अर्धवट वाळलेल्या मातीवर घाईने चढविलेला रंग उडाला म्हणजे कुंभारास दूषण द्यावयाचे. अक्षम्य म्हणून वर ज्या चुका सांगितल्या, त्यांतील बहुतेक अशा घाईतूनच जन्मतात.

यास्तव आमची सूचना साधी आहे. पोळ्याच्या पंधरा दिवस आधी कुंभाराकडे जावे, जोडी सांगून ठेवावी, वाळण्यास ऊन आणि भाजण्यास आवा पुरता मिळू द्यावा, आणि ठरला भाव द्यावा. मग जोडी घेताना पाय तपासावेत, शिंगे ओढून पाहावीत. ती घट्ट असली तर एक लांब, एक आखूड असली तरी जोडी घरी आणावी.