‘कोरालाइन’ : भीतीची साक्ष

नील गेमन यांच्या ‘कोरालाइन’ (२००२) या बालकादंबरीविषयीचे एक मत इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की, ते आता समीक्षेचे गृहीतकच बनले आहे : मुले ही कादंबरी साहसकथा म्हणून वाचतात, घाबरतात ती मोठी माणसे. स्वतः गेमन यांनीही ते वारंवार मांडले आहे. वाचकप्रतिसादाच्या अभ्यासकाला हे विधान सोयीचे वाटते. संहिता एक, वाचकसमूह दोन, आणि भेद याऊसप्रणीत अपेक्षांच्या क्षितिजाचा, असा हिशेब झटकन जुळतो. परंतु मुलांविषयीचे हे मत मुळात कोणाचे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

प्रौढांच्या भीतीचे स्पष्टीकरण अवघड नाही. दिवाणखान्यातील, एरवी विटांनी बुजवलेल्या दारापलीकडे कोरालाइनला हुबेहूब आपल्यासारखेच घर आढळते. तेथील ‘दुसरी आई’ अधिक चांगला स्वयंपाक करते, अधिक लक्ष देते. मात्र तिच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणे आहेत, आणि तेथे कायमचे राहायचे तर मुलीनेही तशीच बटणे शिवून घ्यावीत अशी अट आहे. डोळे हिरावणाऱ्या वाळूमाणसाच्या हॉफमनकृत कथेचे फ्रॉइडने १९१९ मध्ये केलेले विवेचन ज्याने वाचले आहे, त्याला परिचितातूनच उद्भवणारे हे भय लगेच ओळखू येते. (फ्रॉइडचा आधार मिळाला की आपली समीक्षा तेथेच विसावते, हा अनुभवही नवा नाही.) शिवाय कामात गढून मुलीला टाळणाऱ्या खऱ्या आईवडिलांत पालक-वाचक स्वतःला पाहतो.

मुलांच्या मताविषयी गेमन यांनीच सांगितलेली एक हकीकत आहे. हस्तलिखित मुलांसाठी फार भयावह आहे, असे त्यांच्या साहित्यप्रतिनिधीला वाटत होते. तिने ते आपल्या मुलीला वाचून दाखविले. मुलगी घाबरली नाही, आणि पुस्तक बालसाहित्य म्हणून निघाले. बऱ्याच वर्षांनी त्या मुलीने गेमन यांना सांगितले की, ती अतिशय घाबरली होती. पण तसे कबूल केले असते तर पुढे काय झाले ते कळले नसते.

ही हकीकत गमतीचा किस्सा म्हणून सांगितली जाते. मला ती सैद्धान्तिक दृष्ट्या महत्त्वाची वाटते. मुलाचे ‘मत’ ही प्रतिसादाची नितळ नोंद नसते. पुस्तक हाती देण्या-न देण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याला दिलेले ते उत्तर असते. जॅकलिन रोझ यांनी १९८४ मध्ये बालसाहित्याच्या ‘अशक्यते’ची जी मांडणी केली, तीत बालक ही प्रौढांनी घडविलेली प्रतिमा ठरते. येथे मात्र मूलच ती प्रतिमा प्रौढापुढे ठेवते आणि तिच्या आडून ऐकत राहते. या लबाडीला रोझ यांच्या मांडणीत जागा सापडत नाही.

संहितेलाही निर्भय बालक अभिप्रेत नाही. आईवडिलांच्या शोधात पुन्हा त्या दाराआड जाताना कोरालाइन मांजराला वडिलांची एक आठवण सांगते. मुलीला पळता यावे म्हणून ते गांधीलमाश्यांचे डंख सोसत मागे राहिले; पण यात त्यांना शौर्य वाटले नाही. पडलेला चष्मा आणण्यासाठी, भीती पुरती ठाऊक असताना, ते तेथे परत गेले, ते शौर्य. मुले घाबरत नाहीत असे सांगून कादंबरीचा बचाव करणारे हा प्रसंग वाचतात तरी कसा? हस्तलिखित ऐकत बसलेली ती मुलगी या प्रसंगाची अधिक चांगली वाचक होती, आणि आपण तिलाच न घाबरणाऱ्यांत मोजत आलो.