'अभियंता' : नाम आणि कर्म

अमुक देशात अभियंत्याला परवाना लागतो की नाही, असा प्रश्न तुलनात्मक अभ्यासात वारंवार विचारला जातो. हा प्रश्नच अपुरा आहे. कायदा दोन भिन्न गोष्टी राखून ठेवू शकतो : 'अभियंता' हे नाम आणि अभियंत्याचे कर्म. या दोहोंची गल्लत झाली की विवेचन फसते.

ब्रिटनमध्ये 'इंजिनियर' हा शब्द कोणासही मोकळा आहे. यंत्रदुरुस्ती करणारा कारागीरही तो लावतो. राखीव आहे ती 'चार्टर्ड इंजिनियर' ही उपाधी. म्हणजे विशेष्य मोकळे, विशेषण तेवढे बंदिस्त. अमेरिकेत मात्र कर्मावर बंधन आहे. वायोमिंग राज्याने 1907 साली असा पहिला कायदा केला. टेक्सासमधील न्यू लंडन येथे 18 मार्च 1937 रोजी शाळेत गळलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारे 300 मुले व शिक्षक दगावले. त्याच वर्षी तेथे अभियंत्यांची नोंदणी सक्तीची झाली. तो बळी कुणाच्या नामफलकाने घेतला नव्हता, सदोष जोडणीने घेतला होता. परवान्याचे खरे समर्थन येथे आहे.

नामावर भर दिला की काय होते, हे ओरेगॉनमध्ये दिसले. वाहतुकीच्या पिवळ्या दिव्याचा अवधी चुकीचा आहे, असे गणिताने दाखवून स्वतःस इंजिनियर म्हणवणाऱ्या एका नागरिकास तेथील मंडळाने 500 डॉलर दंड केला. त्याचे गणित बरोबर की चूक, हा प्रश्न बाजूसच राहिला. 2018 साली न्यायालयाने त्या शब्दावरील बंदी भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरविली.

सामान्य माणूस नामावरूनच पारख करतो, म्हणून नामही राखावे, असा आक्षेप येईल. तो निराधार नाही. परंतु त्यासाठी ब्रिटिश पद्धतीचे विशेषण पुरेसे आहे. केवळ नाम राखल्याने कर्म सुरक्षित होत नाही, याचा दाखला आपल्याकडेच आहे. 1972 चा वास्तुविशारदांचा कायदा उपाधीचे रक्षण करतो, व्यवसायास मनाई करीत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. अभियंत्यांसाठी तर तसा केंद्रीय कायदाही झालेला नाही.

तात्पर्य, कोणत्याही देशाचा कायदा वाचताना प्रथम हे पाहावे : पूल कोसळला तर आराखड्यावरील कोणाच्या सहीस जाब विचारता येईल? ज्या कायद्यात याचे उत्तर नाही, तो व्यवसायाची प्रतिष्ठा राखीत असेल, लोकांचे प्राण राखीत नाही.