उखाणे व कोडी

परिचित वस्तूचे, घटनेचे वा संख्येचे नाव दडवून तिचे आडवळणाने वर्णन करणारा आणि त्यावरून उत्तर ओळखण्याचे आव्हान श्रोत्यास देणारा रचनाप्रकार. मराठीत त्यास उखाणा, कोडे, कूट, तसेच कोकणात व गोव्यात हुमाण अशा संज्ञा आहेत. उखाणा या शब्दाने आज मुख्यतः पतीचे वा पत्नीचे नाव गुंफलेली यमकबद्ध रचना ओळखली जाते. प्रस्तुत नोंदीत उकल मागणाऱ्या कोड्यांचाच विचार केला आहे.

हा प्रकार फार प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात बारा आऱ्यांचे, कधीही न झिजणारे चक्र आणि त्यावर जोडीजोडीने उभे असलेले ७२० पुत्र यांचे वर्णन येते. चक्र म्हणजे वर्ष आणि पुत्र म्हणजे ३६० दिवस व तितक्याच रात्री, ही त्याची उकल होय. ग्रीक कथेतील स्फिंक्स राक्षसी सकाळी चार, दुपारी दोन व संध्याकाळी तीन पायांवर चालणारा प्राणी कोणता, असे विचारते. रांगणारा, चालणारा व अखेर काठी टेकणारा मनुष्य, हे उत्तर ईडिपस देतो. महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नांची गणना कोड्यांतच करण्याचा प्रघात आहे. परंतु वाऱ्याहून वेगवान काय, या प्रश्नाला युधिष्ठिराने दिलेले ‘मन’ हे उत्तर चिंतनातून आलेले आहे. तेथे आडवळणाच्या वर्णनाखाली वस्तू झाकलेली नाही. म्हणून ते प्रश्न कोड्यांना जवळचे असले, तरी काटेकोर अर्थाने कोडी नव्हेत.

संस्कृत साहित्यशास्त्राने या प्रकाराला प्रहेलिका म्हटले व त्याकडे काहीशा संशयाने पाहिले. दंडीने काव्यादर्शात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगून क्रीडागोष्ठी, गर्दीत केलेले गुप्त संभाषण आणि दुसऱ्याला गोंधळात टाकणे, असे तिचे उपयोग नोंदविले. केवळ टीकेच्या साहाय्याने कळणारे काव्य भामहाला मान्य नव्हते. विश्वनाथाने साहित्यदर्पणात तर प्रहेलिका रसाच्या आड येते, म्हणून तिला अलंकार मानण्यास नकार दिला. अक्षरे फिरवून वा दुर्मिळ शब्द वापरून रचलेल्या पांडित्यपूर्ण कूटश्लोकांना हा आक्षेप बहुधा लागू पडतो. लोककोड्यांना मात्र तो सरसकट लावता येत नाही. ॲरिस्टॉटलने चांगल्या कोड्यांतून चांगली रूपके मिळतात असे म्हटले आहे. लोककोड्यांचे मूल्यमापन याच बाजूने करणे न्याय्य ठरेल.

मराठी लोककोड्यांची सामग्री घर, शेत व आकाश यांतून येते. सुपात लाह्या पसरल्या असून त्यांत एकच रुपया आहे, असे म्हटले की चांदण्या व चंद्र ओळखायचे असतात. काळ्या घोड्यावर पांढरा स्वार बसतो आणि तो उतरला की दुसरा चढतो, या वर्णनाचे उत्तर तवा व भाकरी. एवढेसे पोर एकटेच सारे घर राखते, ते कुलूप. वृक्षाच्या शेंड्यावर राहूनही पक्षी नव्हे, तीन डोळे असूनही शंकर नव्हे, वल्कले नेसूनही तपस्वी नव्हे, पाणी धारण करूनही घट वा मेघ नव्हे, हे संस्कृतात प्रसिद्ध असलेले नारळाचे वर्णन मराठीतही परिचित आहे. या शेवटच्या उदाहरणात श्रोत्याच्या मनात येऊ शकणारे प्रत्येक उत्तर आधी सुचवून लगेच नाकारले जाते. वर्णनातील अशा परस्परविरोधालाच रॉबर्ट जॉर्जेस व ॲलन डंडेस या अभ्यासकांनी १९६३ मध्ये कोड्याच्या रचनात्मक व्याख्येत महत्त्वाचे स्थान दिले.

उत्तम कोड्याच्या तीन कसोट्या सांगता येतील. वर्णनातील प्रत्येक शब्द उत्तराला लागू पडला पाहिजे. तितकेच चपखल दुसरे उत्तर संभवता कामा नये. आणि उत्तर कळल्यावर ती वस्तू नव्याने दिसली पाहिजे. तिसरी कसोटी सर्वांत कठीण होय. भाकरीचे कोडे उकलले, तरी तव्याकडे पाहताना घोडेस्वारांची रांग आठवत राहते. म्हणून ते पुन्हा ऐकतानाही गोडी कमी होत नाही. उलट शब्दाच्या निव्वळ श्लेषावर बेतलेले कोडे एकदा फुटले की संपते. मुक्ताबाईंच्या नावावरील, मुंगीने आकाशात झेप घेऊन सूर्याला गिळल्याचे सांगणारा कूट अभंग या कसोट्यांच्या पलीकडचा आहे. त्यातील विरोध एखाद्या वस्तूच्या नावाने मिटत नाही. त्याची उकल साधकाच्या अनुभवावर सोपविलेली असते.

बुद्धीला चालना देणाऱ्या गणिती व तार्किक कोड्यांत रूपकाऐवजी युक्तीला महत्त्व असते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) भ्रमरांचा एक थवा आहे. त्याच्या निम्म्याचे वर्गमूळ व त्याचे ८/९ इतके भ्रमर मालतीकडे गेले. कमळात अडकलेला एक भ्रमर व त्याच्यासाठी गुंजारव करणारी भ्रमरी एवढेच उरले. थव्यात ७२ भ्रमर होते (६ + ६४ + २), हे उत्तर. येथे गणिताला काव्याचा साज केवळ वरून चढविलेला नाही. उरलेली जोडी हीच समीकरणातील ज्ञात संख्या आहे. वाघ, शेळी व गवताचा भारा एकेक करून नदीपार नेण्याचे कोडे यूरोपात लांडगा, बोकड व कोबी या रूपात, ८०४ मध्ये निधन पावलेल्या आल्क्विन या विद्वानाच्या नावावरील लॅटिन संग्रहात आढळते. प्रथम शेळी नेणे, परत येऊन वाघ नेणे, शेळीला माघारी आणणे, गवत पोहोचविणे आणि शेवटी पुन्हा शेळी नेणे, अशा सात खेपांत ते सुटते. पार नेलेली शेळी परत आणावी लागेल, हे सहसा सुचत नाही. कोड्याचे सारे मर्म त्या माघारीत आहे. झाडावरील दहा पक्ष्यांपैकी एक बंदुकीने टिपल्यास किती उरतील, या प्रश्नात (उत्तर : एकही नाही) वजाबाकीच्या सवयीचा फायदा घेतला जातो. तरीही ते कोडे प्रामाणिक म्हटले पाहिजे. कारण त्याचे उत्तर पक्ष्यांच्या स्वभावात आहे.

कोड्यांच्या छापील संग्रहांत सामान्यतः प्रश्न एका भागात व उत्तरे शेवटी दिलेली असतात. या पद्धतीने सामग्रीचे जतन झाले, पण कोडे ही मूळची दोघांमधील क्रीडा आहे, याचा विसर पडला. विचारणाऱ्याने दिलेली हुलकावणी, श्रोत्यांची चुकीची उत्तरे, अखेरची शरणागती, तसेच कोडे कोणी, कोठे व कोणत्या प्रसंगी घातले याची माहिती, यांची नोंद क्वचितच होते. शिवाय कोड्यांतील वस्तूच जीवनातून जात आहेत. सूप व लाह्या ज्याने पाहिल्या नाहीत आणि रुपया म्हटले की ज्याच्या डोळ्यांपुढे मोठे चांदीचे नाणे येत नाही, अशा शहरी मुलाला चांदण्यांचे कोडे उत्तरासह दिले, तरी ते अर्धेच कळते. त्याच्यापुरता क्रम उलटलेला असतो : उत्तर परिचित असते आणि प्रश्नच समजावून सांगावा लागतो. म्हणून संग्राहकाने उत्तराइतकीच प्रश्नाचीही टीप देणे अगत्याचे आहे. कोडे परिचिताला क्षणभर अपरिचित करते; मूळचा परिचयच नाहीसा झाला, तर त्याला आपले काम करण्यास जागा उरत नाही.